निळ्या डगल्यातला दुसरा माणूस

मित्रांनो, मी एक जुना निळा डगला आहे, स्वीडनच्या एका शिपायाचा. आमच्याकडे चार शेतकरी मिळून एक शिपाई पोसत. त्याला झोपडी देत, तुकडाभर जमीन देत आणि अंगावर मला देत. मला पहिल्यांदा घातलं टॉर्केलने. फौजेत त्याचं नाव ‘फ्रिस्क’ पडलं. त्याची बायको मेरिट मला मांडीवर घेऊन कोपरांना ठिगळं लावी. ते दिवस चांगले होते.

चौघांतले गुडमुंडकाका स्टॉकहोमच्या सभेत शेतकऱ्यांतर्फे बसत. एकदा तिथून परतले ते ताठ मानेनं.

“टॉर्केल, बिनघोर सलगम लाव. सभेला विचारल्याशिवाय परमुलखावर चाल करता येत नाही. राजालाही नाही. कायदाच आहे तसा.”

“म्हणजे तुम्ही नाही म्हणालात की तोफा गप्प?” मेरिट हसली.

“गप्प.”

पुढच्याच वर्षी, ऐन कापणीत, पाद्रीबाबांनी चर्चमध्ये हुकूम वाचला. पलटण समुद्रापार जाणार होती, प्रशियाच्या राजावर. काका बाकावरून उठले.

“सभा कधी भरली? मला बोलावणं नाही आलं.”

“ही लढाई नाहीच, गुडमुंड. जुन्या तहाची राखण आहे, असं सरदारांनी लिहिलंय.”

“मग समोरचे गोळ्या झाडणार नाहीत ना?” टॉर्केलने विचारलं.

काकांना बसायचंही भान राहिलं नव्हतं.

गोळी लागलीच नाही. एका गळक्या गोठ्यात, ओल्या पेंढ्यावर, टॉर्केल तापानं गेला. तो गार पडताच मला उतरवून घरी धाडलं, कारण मी चौघा शेतकऱ्यांच्या मालकीचा होतो. त्याला मात्र तिथेच पुरलं.

मी परतलो तेव्हा झोपडीच्या दारात एलोव नावाचा नवा गडी उभा होता. मला त्याच्या अंगावर चढवलं. हवालदारानं यादी उघडली. आता टॉर्केलच्या नावावर काट पडेल, असं मला वाटलं. हवालदार एलोवला म्हणाला, “तू फ्रिस्क.”

“ते माझ्या नवऱ्याचं नाव आहे,” मेरिट म्हणाली.

“झोपडीचं आहे, बाई. जो राहील त्याचं.”

“आणि मी?”

“झोपडी शिपायाची असते, मेरिट,” काका म्हणाले. “हाही कायदाच आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या बांधावर तिच्यासाठी खोप उभारायला घेतली. पुढच्या सभेत त्यांनी जाब विचारला. पण लढाईचं कामकाज गुप्त समितीत चाले आणि तिथे शेतकऱ्यांना जागा नव्हती. लढाईच्या पाचव्या वर्षी तह झाला. सीमा बोटभरही सरकली नव्हती.

त्यानंतरच्या हजेरीला मेरिट कुंपणाशी आली.

“फ्रिस्क,” हवालदारानं पुकारलं.

“हजर,” माझ्या आतून एलोव म्हणाला.

तिनं दोन्ही हातांनी कुंपण धरलं. मला ते आजही पचलेलं नाही.

मित्रांनो, आता मला कसर लागली आहे. हवं तर झटका, ऊन दाखवा. पण फौजेची यादी कधी हाती आली, तर एवढं विचारा, की यातला टॉर्केल कुठे गेला. टॉर्केल एरिक्सन. सत्तावीस वर्षांचा.