विहिणीच्या पंगतीत निखळलेला गुडघा

मित्रांनो, मी एक जुना कृत्रिम गुडघा आहे, बिजागरीचा. माझा वरचा दांडा मांडीच्या हाडात बसतो, खालचा नडगीत, आणि मधली एक खीळ दोघांना जोडून ठेवते. कारखान्यात मला चकाकी दिली तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो.

१९८९ साली मला टेंभुर्णीच्या गोजरबाईंच्या पायात बसवलं. बैलगाडी उलटून त्यांचा गुडघा पार खिळखिळा झाला होता. डॉक्टरांनी बजावलं, "बाई, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही."

"मंग जेवू कसं?" गोजरबाईंनी विचारलं.

डॉक्टर हसले. गोजरबाई मात्र हसल्या नाहीत. जिद्दीनं त्या चालायला शिकल्या. शेतात, बाजारात मीच त्यांना नेत असे. बाया कौतुकानं गुडघा दाबून बघत, तेव्हा मला भारी अभिमान वाटे.

नऊ वर्षांनी माझं प्लॅस्टिकचं अस्तर झिजलं, खीळ सैल झाली. चालताना मी कटकट वाजू लागलो. माझ्या परीनं मी सांगतच होतो!

"लेकीचं लगीन होऊ द्या, मंग दाखवते," गोजरबाई म्हणायच्या.

लग्नात विहीण कांताबाईंनी त्यांना आग्रहानं शेजारी जेवायला बोलावलं. कुणीतरी खुर्ची आणली.

"विहीणबाई खाली अन् मी वर? बिलकुल न्हाई!" म्हणत गोजरबाईंनी पाय दुमडला. खीळ निसटली आणि मी जागचा निखळलो. लेकीची पाठवणी त्यांना खाटेवरून पाहावी लागली. मला फार वाईट वाटलं.

पाय कायमचा ताठ करायचा की नवा गुडघा बसवायचा, असं डॉक्टरांनी विचारलं.

"नवाच बसवा. मला माझ्या पायानं लेकीकडं जायचंय," गोजरबाई म्हणाल्या. पुन्हा ऑपरेशन झालं, पुन्हा दात आवळून व्यायाम. मला धुऊन त्यांच्या हाती दिलं, आणि त्यांनी मला पिशवीत जपून ठेवलं.

नातवाच्या बारशाला एसटीतून उतरून त्या चालत गेल्या. पंगत बसली, तरी गोजरबाई उभ्याच. त्यांनी मला पिशवीतून काढून कांताबाईंपुढे धरलं.

"विहीणबाई, राग मानू नका. हा निखळला तव्हा मी खाली बसल्ते. मला खुर्ची द्या. माझ्या पायानं परत जायचंय मला."

कांताबाईंनी मला उलटंपालटं करून पाहिलं. मग त्या उठल्या आणि दोन खुर्च्या घेऊन आल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा असा बसवलेला गुडघा वाजत असेल, तर लग्नकार्य उरकायची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि पंगतीत त्यांच्यासाठी खुर्ची आणाल तेव्हा एक आणू नका, दोन आणा.