पाठीवरची झोप

“मुलीला रात्रभर जागवा, म्हणजे इथे झोपेल,” असं लिंबानीने बजावलं होतं. म्झुझूच्या दवाखान्यात मेंदूच्या तपासणीचं मशीन तोच सांभाळायचा. तरी दोन वर्षांची वेझी डोक्याला एकवीस तारा चिकटवून खाटेवर टक्क जागी होती, आणि त्याचं नाक पकडायला बघत होती.

“आगोगो, खरं सांगा. मिनीबसमध्ये झोपली ना?” त्याने तिच्या आजीला विचारलं.

“छे! पाठीवर बांधली होती की.”

“करोंग्यापासून? चार तास?”

“मग! पण पाठीवरची ती काय झोप? झोप ती अंथरुणावरची.”

लिंबानीने कपाळावर हात मारला. वेझीला झटके झोपेतच येत, म्हणून आलेखही झोपेतलाच हवा होता. तो वाचणारे डॉक्टर उद्या जाणार, ते थेट दोन महिन्यांनी उगवणार. तोवर औषध नाही. सात महिने म्हातारी रोज रात्री नातीच्या उशाशी जागत होती, आणखी दोन महिने कशी काढणार?

दूध पाजून झालं. लिंबानीचं बेसूर गाणंही झालं. वेझीने टाळ्या वाजवल्या.

“सर बाजूला,” म्हणत आगोगोने कमरेचं चितेंजेचं कापड काढलं, तारा सांभाळत नातीला पाठीशी घट्ट बांधलं आणि डुलायला लागली. दहा मिनिटांत पोरगी गाढ! पण त्या डुलण्याने मशीनच्या पडद्यावर नुसता गोंधळ. डुलणं थांबवलं की वेझी कुरकुरे, खाली ठेवायला गेलं की रडे.

“आता काय करू? दगड होऊ?” आगोगो वैतागली.

“दगड नको. तिला घेऊनच पालथ्या पडा.”

“ह्या वयात? गावात कळलं तर हसून मरतील!”

पण पडली. तिच्या श्वासाबरोबर वेझी हलकेच वरखाली होत राहिली आणि झोपून राहिली. पडद्यावरच्या रेघा शांत झाल्या, आणि मग त्यांत झटक्यांची खूण असलेली ती टोकदार शिखरं उमटली. डॉक्टरांना हवी होती तीच. लिंबानीला नाचावंसं वाटलं.

अर्ध्या तासाने तो “उठा” म्हणायला वाकला, तर आगोगो घोरत होती.

त्याने बाहेर जाऊन पुढच्यांना थांबायला सांगितलं. मग वेझीवर नजर ठेवून खाटेशी स्टूल ओढून बसला. आज राखणीला तो होता.