वरचा कॅम, खालचा कॅम

देवयानी गुप्ते कल्याणच्या एका खासगी तंत्रनिकेतनात अठरा वर्षं ऑटोमोबाइल शिकवत होती. नुसत्या आवाजावरून कुठल्या सिलिंडरमध्ये गडबड आहे ते सांगणाऱ्या बाई, अशी तिची ख्याती होती. ती ख्याती तिला मनातून आवडायचीही.

त्या वर्षी संस्थेची नवी कार्यशाळा उभी राहिली. उद्घाटनाला विश्वस्त येणार होते. प्राचार्य बेंद्रे म्हणाले, "मॅडम, नुसती पोस्टरं नकोत. काहीतरी चालतं-बोलतं दाखवा."

देवयानीनं सुचवलं, दोन इंजिनं शेजारी शेजारी ठेवून चालवू. एक जुन्या पद्धतीचं आणि एक आजचं. आजचं मिळालं होतं. आठ महिने पत्रं पाठवल्यावर एका कंपनीनं शिकवण्यासाठी म्हणून कोरं इंजिन दिलं होतं, ओव्हरहेड कॅमचं. जुनं मात्र मिळेना. भंगारवाल्यांकडे होती ती गंजून दगड झालेली.

"मॅडम, आमच्या कोपरला आहे एक," वर्गातली दक्षता म्हणाली. "गोपीनाथ काकांकडे. चालू आहे."

रविवारी देवयानी कोपरला गेली. गोपीनाथ जातीचा कोळी. वडील खाडीत होडी घालायचे. ह्यानं मात्र ठाण्याच्या टॅक्सी गॅरेजांत चाळीस वर्षं काढली होती. घरामागच्या पडवीत, गुंडाळून ठेवलेल्या जाळ्यांच्या शेजारी, लोखंडी घोडीवर त्याचं इंजिन होतं. जुन्या फियाट टॅक्सीचं. गाडी मोडीत गेली तेव्हा त्यानं तेवढं ठेवून घेतलेलं. त्यानं हँडल लावून एक झटका दिला आणि इंजिन सुरू झालं. टॅपेटचा टकटक आवाज पडवीभर झाला.

"काका, हे संस्थेला द्या ना. उद्घाटनाला चालवू, मग उभं कापून आतलं सगळं मुलांना दाखवता येईल."

"कापनार?" गोपीनाथनं इंजिन बंद केलं. "मंग नाय."

शेवटी ठरलं ते असं, की तो स्वतः टेम्पोतून इंजिन आणेल, चालवून दाखवेल आणि परत नेईल.

उद्घाटनाच्या सकाळी मुलं दोन्ही इंजिनांभोवती जमली. देवयानीनं जुन्याचं वरचं झाकण काढलं. "हे बघा. व्हॉल्व्ह वर, पण त्यांना उघडणारा कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकच्या पोटात. त्याचा धक्का ह्या लांब सळ्यांनी वर येतो, म्हणजे पुशरॉडनी. सळी रॉकर उचलते आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. हलणारे भाग जास्त, त्यामुळे फार जोरात पळवलं की सगळी साखळी मागे पडते." मग ती नव्याकडे वळली. "इथे कॅमशाफ्टच वर नेऊन ठेवलाय. मधल्या सळ्या गेल्या, वजन गेलं. पण आता क्रँक खाली आणि कॅम वर, म्हणून दोघांना बांधणारा हा लांब बेल्ट लागतो."

तो बेल्ट आदल्या दिवशी तिनं मुलांना दाखवायला काढला होता. आता तो बसवायचा होता, आणि विश्वस्तांच्या गाड्या शिळफाट्यापर्यंत आल्याचा निरोप आला होता. तिनं कॅमच्या पुलीवरची खूण हेडवरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या, खुणेला लावली, बेल्ट चढवला, ताण दिला, बोल्ट आवळला.

गोपीनाथ बाजूला उभा राहून बघत होता. "बाय, सेल्फ मारन्याआधी हातानं दोन फेरे फिरवून बगा."

"काका, हे तुमच्या इंजिनासारखं नाही," देवयानी म्हणाली. "ह्याला खुणा असतात. खुणा जुळल्या की झालं."

मागे कोणीतरी हसलं. गोपीनाथनं हात पाठीमागे बांधले आणि तो आपल्या घोडीपाशी जाऊन उभा राहिला.

विश्वस्त आले, फीत कापली गेली. गोपीनाथचं इंजिन पहिल्या हँडलला सुरू झालं. टाळ्या पडल्या. मग देवयानीनं नव्याची किल्ली फिरवली.

खाड्‌ असा आवाज झाला. आणखी एकदा, बारीक. मग काहीच नाही.

तिला काय झालं ते त्याच क्षणी कळलं. त्या पुलीवर दोन खुणा होत्या आणि तिनं चुकीची लावली होती. नको त्या वेळी व्हॉल्व्ह उघडे राहिले आणि पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आदळले. हातानं फिरवलं असतं तर अर्ध्या फेऱ्यातच अडलं असतं, नुकसान काहीच झालं नसतं. "थोडी तांत्रिक अडचण आलीय," ती म्हणाली. विश्वस्तांनी मान डोलावली आणि मंडळी चहाकडे वळली.

बेंद्रे मात्र मागे राहिले. "बेल्ट गेला ना? कंपनीनं जुनाच बेल्ट चढवून दिला असणार. तसं लिहून द्या, ते बदलून देतील."

देवयानी इंजिनावर वाकली. बेल्ट जागेवर होता, शाबूत. पण झाकण लावलं की तो बेंद्रेंना दिसणार नव्हता, आणि ते झाकण उघडून बघणाऱ्यातलेही नव्हते. तिनं गोपीनाथकडे पाहिलं. तो टेम्पोत इंजिनाला दोरी बांधत होता. त्यानं वर पाहिलं नाही. तिला वाटलं, ह्यानं एकदा तरी बघावं.

"लिहिते," ती म्हणाली. मग टेम्पोपाशी गेली. "काका, अर्धा तास थांबाल? हेड उघडायचंय. मुलांसमोर."

गोपीनाथनं दोरी सोडली नाही, पण टेम्पोवाल्याला चहा प्यायला पाठवलं.

तिनं मुलांना परत बोलावलं, हेड उतरवलं. चार व्हॉल्व्ह वाकले होते. पिस्टनांच्या माथ्यावर नखं उमटावीत तशा चंद्रकोरी पडल्या होत्या. "बेल्ट चांगला आहे," ती म्हणाली. "खूण मी चुकवली. काकांनी हातानं फिरवायला सांगितलं होतं, तेही मी ऐकलं नाही." कोणी हसलं नाही.

दक्षतानं विचारलं, "काकांच्या इंजिनात असं झालं नसतं ना?"

देवयानीनं गोपीनाथकडे पाहिलं. तो जरा पुढे आला.

"व्हतं ना. माज्यात बेल्टाच्या जागी टायमिंगची चेन, आखूड, तेलात बुडालेली. ती आपसूक सुटत नाय. हेड उतरवलं तरी टायमिंग हलत नाय. पन बांदनारा चुकला तर पुशरॉड वाकतो. मी वाकवलेत, दोन येला." त्यानं नव्या हेडवरून अंगठा फिरवला. "काम चांगलं हाय ह्याचं. पलायला हेच. माजं डोंगर चडताना बोंबलायचं."

संध्याकाळी देवयानीनं अहवाल लिहिला. चूक माझी, एवढंच वाक्य लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. बेंद्रेंनी तो वाचला आणि म्हणाले, "मी वाट दाखवली होती तुम्हाला." पंधरा दिवसांनी मेमो आला. कार्यशाळेची जबाबदारी दुसऱ्या एका प्राध्यापकाकडे गेली, तिची विभागप्रमुखपदाची शिफारस वर्षभर पुढे ढकलली गेली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी लागलं. स्टाफरूममध्ये अचानक पडणारी शांतता मात्र लागली.

मोडकं इंजिन कंपनीनं परत मागितलं नाही. मग मुलांनी आणि तिनं मिळून तेच उभं कापलं. तीन आठवडे लागले. वाकलेले व्हॉल्व्ह तिनं मुद्दाम तसेच ठेवले आणि खाली चिठ्ठी लावली, त्यात कारणही लिहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत गोपीनाथचा फोन आला. टॅपेट वाजतायत, आणि त्यांची फट मोजायची फीलर गेजची पात चष्मा लावूनही दिसत नाही. "येनार का?"

ती गेली. गोपीनाथ क्रँक हळूहळू फिरवत राहिला आणि ती रॉकरखाली पात सरकवून एकेक स्क्रू जुळवत गेली. तिसऱ्या सिलिंडरवर असताना गोपीनाथची बायको शालन पडवीत आली.

"जेवूनच जायचं हाय," ती म्हणाली. "मासं खाता ना?"

"खाते," देवयानी म्हणाली, आणि काळे झालेले हात पुसायला तिनं चिंधी मागितली.