माझी पाठ आणि वेंडेलिनची सही

मित्रांनो, मी पाठ मोडलेलं एक जर्मन विमान आहे. फ्रान्समध्ये, बोर्दोच्या धावपट्टीच्या कडेला गवतात पडून आहे. लोक माझे पत्रे, नळ्या, जे हाताला लागेल ते काढून नेतात. नेऊ देत. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

मला घडवलं ते प्रवासी न्यायला. आत खुर्च्या होत्या, खिडक्यांना पडदे होते, बायका मांडीवर पोरं घेऊन बसायच्या. मग दुसरं महायुद्ध आलं. खुर्च्या उपटल्या, त्या जागी पेट्रोलच्या टाक्या आल्या आणि पंखांखाली बॉम्ब टांगले गेले. पाठ मात्र तीच राहिली, प्रवाशांच्या वजनाची. ती बदलायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

माझं काम सोपं आणि वाईट होतं. पहाटे निघायचं, आयर्लंडच्याही पलीकडे समुद्रावर फिरायचं, शत्रूच्या जहाजांचा तांडा शोधायचा आणि त्याचा ठावठिकाणा आपल्या पाणबुड्यांना कळवायचा. संधी मिळाली तर आपणच बॉम्ब टाकायचे. बुडवलेल्या प्रत्येक जहाजामागे माझ्या शेपटीवर एक छोटं जहाज रंगवायचे. अकरा झाली होती. मला त्यांचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

वेंडेलिन माझा मिस्त्री. बोटं तेलानं काळी, स्वभाव कुरकुऱ्या. मी उतरलं की माझ्या पाठीवर बोटानं टकटक करून कान लावायचा. एका मार्चमध्ये त्याला पंखांच्या मागे तडा सापडला. त्यानं वरून पत्रा ठोकून तो सांधला.

आमच्या तळावर एक रीत होती. दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीनं पहिल्या फेरीला स्वतः विमानात बसायचं आणि सुखरूप उतरल्यावर कागदावर सही करायची. वेंडेलिन बसला, उतरला, पण सही करीना.

तळाचे प्रमुख कप्तान ओस्टरकाम्प वैतागले. "अहो, आत्ताच तर उडून आलात ना? आता काय मुहूर्त बघताय?"

"रिकामं उडालं, साहेब. भरून उडवा, मग सांगतो."

"चाचणीसाठी एवढं पेट्रोल जाळू? वेड लागलंय का तुम्हाला?"

असे तीन दिवस गेले; सहीशिवाय मला कामगिरीवर पाठवता येत नव्हतं. खरी अडचण पुढेच होती. माझ्या मागच्या तोफेवर बसणारा रुप्रेख्त हा वेंडेलिनच्या बहिणीचा मुलगा. जेवणाच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. चौथ्या दिवशी कप्तान सगळ्यांदेखत म्हणाले, "तिकडे पाणबुडीतली पोरं वाट बघून मरतायत आणि आमचे मिस्त्री भाच्याला पदराखाली घेऊन बसलेत!"

सगळे खो-खो हसले. रुप्रेख्तचे कान लाल झाले.

"मामा, करून टाक ना सही," तो म्हणाला. "सगळे मला कुक्कुलं बाळ म्हणतायत."

"म्हणू देत. माझं मन मानत नाही रे."

"तुझं मन कधी मानलंय? आईला लिहू का, मामानं नाक कापलं म्हणून?"

वेंडेलिननं त्याच्याकडे बघितलं, पेन घेतलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला तांडा सापडला. मागे रेंगाळलेल्या एका जहाजावर आम्ही खाली झेपावलो. बॉम्ब नेमका लागला. जहाज आडवं झालं, माणसं तेलकट पाण्यात उड्या मारू लागली. एकानं आमच्याकडे बघून हात हलवला. तो मदत मागत होता की शिव्या देत होता, मला आजही कळत नाही. त्याला मी मारलं, मित्रांनो. हात दुसऱ्याचा होता, पण त्याला तिथवर नेलं मीच.

दोन बॉम्ब मात्र सुटलेच नाहीत. पंखाखाली अडकून बसले. ते घेऊनच आम्ही परत आलो. चाकं जमिनीला टेकली, एक धक्का बसला आणि त्या पत्र्यापाशी माझी पाठ कडाडून मोडली. पुढचा भाग घसरत गेला, त्यातले चौघे खरचटून बाहेर आले. मागचा भाग उलटापालटा होऊन चेपला. रुप्रेख्त त्यात होता.

वेंडेलिन धावत आला. उघड्या हातांनी पत्रा फाडत राहिला. हात सोलून निघाले. कप्तान मागे उभे राहून सारखे म्हणत होते, "चाचणीत तर ठीक होतं हो... चाचणीत तर ठीक होतं!"

संध्याकाळी अपघाताचा कागद आला. 'कारण' या रकान्यात वेंडेलिननं लिहिलं: 'मला लाज वाटली म्हणून मी सही केली.' वरच्या साहेबांनी तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं: 'जोराचा वारा.'

त्या दिवशी वारा नव्हता, मित्रांनो. धावपट्टीवरचं निशाण खाली लोंबत होतं. तुमच्यातला कोणी कान लावून म्हणाला की हे पेलणार नाही, तर त्याला हसू नका. आणि तो कान लावणारा तुम्हीच असाल, तर हसू देत सगळ्यांना, पण पेन खाली ठेवा.