अडीचची वायर

"ओइवाकाका, ही शेगडी आज अशी पेटणार नाही," फ्यूजबोर्डसमोरून न हलता वीजतंत्री राइली म्हणाली.

"जरासा जळका वास येतो, एवढंच. तेवढं बघ नि जा!" ओइवा हेइकुरा वैतागला. सौनातली, म्हणजे घरच्या वाफेच्या स्नानाच्या खोलीतली, ही नवी, नऊ किलोवॅटची विजेची शेगडी गेल्याच आठवड्यात त्याच्या मेहुण्यानं जोडून दिली होती. दोन महिन्यांच्या उपचारांनंतर त्याची बायको हिल्का आज चार वाजता कायानीच्या इस्पितळातून घरी यायची होती, आणि फोनवर तिनं एकच गोष्ट मागितली होती: कडकडीत तापलेली सौना.

"दहा अँपिअरचा फ्यूज उडत होता, म्हणून मेहुण्यानं सोळाचा टाकला ना?"

"मग? आता उडत नाही."

"तेच तर वाईट. तो फ्यूज बिचारा बोंबलून सांगत होता, तुम्ही त्याचं तोंड दाबलंत. जुन्या सहा किलोवॅटला दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरायची. नऊला अडीचचीच लागते."

"ही वायर तुझ्या बापानं घातलीय. त्याच्या कामात खोट काढतेस?"

राइलीनं हातातली पक्कड खाली ठेवली. तिच्या बापाला, विल्हो केम्पाइनेनला, जाऊन अकरा वर्षं झाली होती. पक्कड कशी धरायची हेसुद्धा तिला त्यानंच शिकवलं होतं.

"बाबांचं काम चोख होतं. शेगडी तुम्ही बदललीत. त्यांना विचारून बदललीत का?"

ओइवाला नको असताना हसू आलं.

तिनं मेन बंद केला, वीज गेल्याची खात्री करून घेतली आणि भिंतीतली वायर बाहेर ओढली. पांढरं आवरण तपकिरी पडलं होतं. वळणावर तर त्याचे पापुद्रे सुटले होते आणि मागे कोरडीठाक लाकडी भिंत होती. तो तुकडा तिनं ओइवाच्या तळहातावर ठेवला. त्यानं बोटानं दाबताच आवरणाचा भुगा झाला.

"हिल्का आत असती," तो एवढंच म्हणाला आणि बाकावर बसला.

राइलीनं अडीचची नवी वायर गाडीतून आणली. जुनी वायर पुढं छतातल्या, ऊब धरून ठेवणाऱ्या काचलोकरीच्या जाड थरात गाडलेली होती. तिथं वायरीला निवायला जागाच नसते. तिनं नवी थंड ओसरीच्या भिंतीवरून नेली. ओइवानं शिडी धरली.

चारला टॅक्सी आली तेव्हा काम अर्धंच झालं होतं. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली हिल्का कोट न काढताच ओसरीत खुर्चीवर टेकली. "सावकाश होऊ दे गं पोरी. दोन महिने थांबले, आणखी तासभर थांबेन."

सव्वापाचला राइलीनं मीटर लावून मापं घेतली, अर्धा तास शेगडी चालवून वायरीला हात लावून पाहिला. गार होती.

"काका, आता निर्धास्त तापवा."

सौना तापली तसा ओइवा पंचा घेऊन पुढं झाला, पण हिल्कानं त्याला दारातच अडवलं. "तू नंतर. आज राइली येईल माझ्याबरोबर." तो पंचा खांद्यावर टाकून अंगणात गेला.

वरच्या फळीवर चढणं हिल्काला जमलं नाही. ती खालच्याच फळीवर बसली. राइलीनं शेगडीवरच्या तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. चर्र आवाज होऊन वाफ खाली उतरली.

"दार नीट लागलंय ना?" हिल्कानं विचारलं.

"लागलंय."

तेव्हा तिनं डोक्याचा रुमाल सोडला, त्याची घडी घालून मांडीवर ठेवली आणि उपचारांनी केस गळून तुळतुळीत झालेलं डोकं भिंतीला टेकवून डोळे मिटले.

"आणखी एक पळी टाक," ती म्हणाली.