डावीकडचा निळा डाग

मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, सुट्टीत येता का दोघं इकडे? शहर दाखवते." मी लगेच हो म्हणालो. बायको माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. शेजारच्या गावात लग्नाला जायचं म्हटलं तरी ज्याच्या पोटात दुखतं, तो माणूस विमानात बसायला तयार झाला. तिला वाटलं, लेकीची ओढ. ती होतीच, नाही असं नाही. पण त्याच शहरात आमच्या गावचा जुना दातांचा डॉक्टर राहत होता, आणि त्याचे दात त्याच्याच घशात घातल्याशिवाय मला मरायचं नव्हतं.

दात हा माझा धंदा. मी कवळ्या करायचो. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा साचा करतो, साच्यावर मेण चढवतो, मेणात दात बसवतो. पेशंट आम्हाला कधी बघत नाही, पण आम्ही त्याला आतून ओळखतो. या डॉक्टरची सगळी कामं माझ्याकडे यायची. माणूस डावखुरा. माप घेताना पेशंटची हनुवटी अंगठ्याने धरून स्वतःकडे ओढायची त्याला खोड होती. मी एकदा त्याच्या दवाखान्यात बसलो असताना ती पाहिली होती. अशाने खालचा जबडा सरकतो, पण मोठ्या माणसाला कोण सांगणार?

मग शाळेच्या मोठ्या बाईंचं काम आलं. साचे समोरासमोर लावले तर खालचा जबडा सरकलेला. मी फोन केला. तो म्हणाला, "मी घेतलंय ते बरोबर आहे, तू तुझं काम कर." केलं. ती कवळी बाईंच्या हिरडीत डावीकडे अगदी मागे रुतली, जखम चिघळली, बाई इस्पितळात पडल्या. डॉक्टर माझ्याकडे आला, "बघू साचा," म्हणाला आणि साचा त्याच्या हातून पडला. प्लास्टरच ते, भुगा झाला. मग गावातल्या सगळ्या डॉक्टरांसमोर उभा राहून त्याने सांगितलं की कामगाराने माप बिघडवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्याकडे एकाचंही काम येईना. लॅबला कुलूप लागलं आणि बायको लोकांच्या घरी स्वयंपाकाला जाऊ लागली.

हेही मी गिळलं असतं. पण बायको इस्पितळात बाईंना भेटून आली. हात जोडायला गेली होती बिचारी. बाईंनी तोंड उघडून तिला जखम दाखवली. घरी येऊन तिने मला वाढलं, मुलीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "खरंच तुमच्याकडून नाही ना काही झालं?"

मी घास खाली ठेवला. त्या दिवसापासून मी जेवताना बोलत नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. पानावर बसलो की तोंड फक्त खायला उघडतं. लोकांना वाटतं, काय शिस्तीचा माणूस आहे.

तर मला डॉक्टरकडून एकच वाक्य हवं होतं. चूक माझी होती, असं त्याने म्हणायचं आणि बायकोने ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं. बाकी त्याचं काय व्हायचं ते होवो.

शहराच्या मधून नदी वाहते. मुलीचं घर अलीकडच्या काठावर, पुलाच्या तोंडाशी, ना धड श्रीमंत ना धड गरीब अशा वस्तीत. ती सकाळी कामाला गेली की आम्ही दोघं मोकळे. पहिल्याच दिवशी मी बायकोला म्हटलं, चल, नदीच्या वरच्या अंगाला जाऊ, तिकडे बघण्यासारखं आहे म्हणतात. तिने नवे बूट चढवले आणि निघाली.

तिकडे रस्ते असे की चपला काढून चालावं. झाडं एका मापाची कापलेली, कुत्री झाडांसारखी कापलेली. दुकानाच्या अख्ख्या काचेत एकच बूट ठेवलेला, तोही एका पायाचा. बाक जागोजाग, पण बसलेलं कोणी नाही. बायको म्हणाली, "अहो, इथे माणसं राहतात की नुसती पुसापुशी चालते?" मी लोकांची तोंडं बघत होतो, मला ती सवयच आहे. सगळ्यांचे दात एकाच पेटीतून काढल्यासारखे पांढरेशुभ्र, सरळ. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात, ते मला तिथे आठवलं. हा भाग शहराचे दाखवायचे दात होता.

डॉक्टरचा मुलगाही दातांचाच डॉक्टर झाला होता, त्याचा दवाखाना सापडायला वेळ लागला नाही. काचेत डॉक्टरचा मोठा फोटो, खाली संस्थापक वगैरे लिहिलेलं. फोटोत तो हसत होता. बायकोने फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हणून आलात होय," ती म्हणाली. "आणि मी मेली स्वेटर विणत बसले होते. अहो, सोडून द्या आता. गाडलेलं उकरून काय मिळणार आहे?"

"तू नुसती सोबत चल," मी म्हणालो.

मुलगा बाहेर आला. आपल्या गावची माणसं म्हटल्यावर अडखळत का होईना आपल्या भाषेत बोलला. मला त्याने ओळखलं नाही. ओळखणार कसा, तेव्हा शाळेत होता. वडील कुठे आहेत म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा बंद झाला. "बाबांना शांतता लागते. ते पलीकडे राहतात, पुलाच्या खालच्या अंगाला. कपडे धुण्याच्या मोठ्या दुकानावरची खोली." मग विषय बदलायला असेल किंवा खरंच आपुलकीने असेल, तो बायकोला म्हणाला, "काकू, बोलताना तुमचा खालचा दात हलतोय का? बघू." आणि डाव्या हाताने तिची हनुवटी धरून त्याने आत डोकावून पाहिलं. "काही नाही, ठीक आहे." बायको हनुवटी चोळत बाहेर आली.

शांतता म्हणे. पूल उतरून पलीकडच्या वस्तीत पाय ठेवला तर कानठळ्या बसल्या. टायरवाला हातोडा मारतोय, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत गाणं वाजतंय, दोन बाया रस्त्याच्या दोन टोकांवरून एकमेकींशी बोलतायत. फुटपाथवर जुन्या गाद्या, भाजीचे खोके, एका खुर्चीत दाढी करून घेणारा म्हातारा. इथे कोणाला पुढचे दोन दात नव्हते, कोणाला सोन्याचा एकच होता, आणि सगळे तोंडभर हसत होते. बायकोला ही जागा आवडली. भाजीचा भाव खुणांनी विचारून तिने एक जुडी घेतलीही. मी पत्ता शोधत होतो. ज्याने माझी लॅब बंद पाडली, तो असल्या गल्लीत येऊन पडला, हे बघून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मनात म्हटलं, उत्तम.

कपडे धुण्याच्या दुकानाच्या बाजूने जिना होता. गरम वाफेचा आणि साबणाचा वास खोलीपर्यंत येत होता. दार उघडंच होतं. डॉक्टर खिडकीशी बसून बिस्कीट चहात बुडवत होता. गाल आत गेलेले, ओठ तोंडात ओढले गेलेले. कवळी शेजारी वाडग्यात, पाण्यात पडलेली. त्याने डोळे बारीक करून पाहिलं.

"कोण? तू? कवळीवाला ना रे?"

"तोच," मी म्हणालो. "ही माझी बायको. आम्ही बसणार नाही. तुम्ही एकदा खरं काय ते हिच्यासमोर सांगा, की निघालो."

तो कळून न कळल्यासारखं करत राहिला. मग म्हणाला, "इतक्या लांब हे उगाळायला आलास? चूक तुझीच होती. तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो." दात नसल्यामुळे शब्द ओले होऊन बाहेर पडत होते, पण समजत होते. बायको दाराशी उभी होती, हातात भाजीची जुडी. तिने मान खाली घातली. मला त्या म्हाताऱ्याची मानगूट धरावीशी वाटली, आणि मी धरलीही असती. पण माझी नजर वाडग्यावर गेली.

"कवळी का काढून ठेवलीय?" मी विचारलं.

"रुतते."

"कोणी केली?"

"कोणी म्हणजे? मुलाने माप घेतलं."

मी कवळी उचलली. माझ्या खिशात कायम दात टेकतात तिथे डाग पाडणारी निळ्या कागदाची पट्टी आणि छोटी कानस असते. काम सुटून जमाना झाला तरी असते. बायको त्यावरून मला हसते, सुंठीवाचून खोकला गेला तरी हे सुंठ घेऊन फिरतात म्हणते. मी कवळी पुसली, म्हणालो, "घाला." त्याने घातली. जन्मभर लोकांना तोंड उघडायला लावलेला माणूस, त्याने सवयीने ऐकलं. मी कागद त्याच्या दातांमध्ये धरला. "चावा."

कागद काढला, कवळी बाहेर घेतली. उजवीकडचे दात कोरे. डावीकडे, अगदी मागे, गडद निळा डाग. दात एकमेकांवर टेकत होते ते फक्त तिथे.

"आता तोंड उघडा," मी म्हणालो आणि बायकोला हाक मारली. "तू बघ. मी काही सांगत नाही."

तिने मोबाइलचा दिवा लावला आणि वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खालून टायरवाल्याचा हातोडा ऐकू येत होता. मग ती सरळ झाली आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीवर गेला.

"बाईंना इथेच होती जखम," ती हळू म्हणाली. "अगदी इथे. आणि त्या मुलाने मघाशी माझी हनुवटी अशीच स्वतःकडे ओढली." ती डॉक्टरकडे वळली. "त्याला अशी हनुवटी धरायला कोणी शिकवलं?"

"कोणी म्हणजे?" डॉक्टर पुन्हा तसंच म्हणाला. "मीच शिकवलं."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. त्याने कवळीकडे पाहिलं, निळ्या डागाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा खिडकीकडे वळला. जे वाक्य मला हवं होतं ते त्याने उच्चारलं नव्हतं, पण आता त्याची गरजही उरली नव्हती. माझ्या अंगातून गरम काहीतरी वर चढलं. आनंदच तो. दुसरं नाव देऊन काय करू?

थोड्या वेळाने तो म्हणाला, "कानस आहे ना तुझ्याकडे? जरा घासून दे. दोन मिनिटांचं काम. घास चावता येत नाही रे मला."

आणि माझा हात खिशात गेला. खोटं कशाला बोलू, हाताला राहवत नाही. वर आलेला दात दिसला की तो घासायला बोटं शिवशिवतात. मी कानस काढली, कवळी उजेडात धरली.

"अहो," बायको म्हणाली. जन्मभर सोडून द्या, सोडून द्या म्हणणारी बाई. "ठेवा ते खाली. चला."

मी कवळी पुन्हा वाडग्यात सोडली. "मुलाकडून घासून घ्या," मी म्हणालो. "पूल ओलांडला की पलीकडेच तर आहे."

"तो येत नाही," डॉक्टर म्हणाला.

"मग तुम्ही जा. दवाखान्यात तुमचा फोटो आहे, ओळखतील."

आम्ही जिना उतरलो. मी रस्त्याने अशा ऐटीत चाललो की टायरवाल्याने मान वर करून पाहिलं.

पुलाच्या मध्यावर बायको थांबली. कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहिली. एका हाताला धुतलेला, झळकणारा काठ, दुसऱ्या हाताला आम्ही आलो तो. मी वाट बघत होतो. आता ती म्हणणार, तुमचंच खरं होतं. मग मी काय बोलायचं, तेही माझं ठरलेलं होतं.

"चूक माझी होती," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"मी विचारायलाच नको होतं तेव्हा. घरात मूल लहान, तुमचं काम गेलेलं, आणि मी भरल्या ताटावर तसं विचारलं. मला रोज वाटायचं, आज बोलतील, उद्या बोलतील. मग सवय झाली." तिने भाजीची जुडी या हातातून त्या हातात घेतली. "लोकांकडे दिवसभर रांधून यायचे ना, तेव्हा वाटायचं, आपलं झालंय कसं ते घरात तरी कोणी सांगावं."

मी ठरवलेलं वाक्य आठवायला लागलो. आठवेना. हात खिशात होता आणि कानशीचं टोक बोटाला लागत होतं. ती थोडा वेळ थांबली, मग चालायला लागली. मी मागून गेलो.

मुलगी लवकर घरी आली होती. खिडकीत अजून ऊन होतं. बायकोने आणलेली भाजी केली, मुलीने पानं घेतली, आम्ही तिघं बसलो. मुलगी तिच्या ऑफिसातलं काहीतरी आईला सांगत होती, आई हं हं करत होती. माझ्याशी दोघींपैकी कोणी बोलत नव्हतं. जेवताना माझ्याशी बोलायचं नसतं हे आमच्यात कोणाला सांगावं लागत नाही. मी घास घेतला, चावला, गिळला. माझे सगळे दात माझेच आहेत, अजून शाबूत. दुसरा घास घ्यायच्या आधी मी तोंड उघडलं.

"भाजी छान झालीये," मी म्हणालो.

बायकोचा हात पानावरच थांबला. तिने वर पाहिलं नाही. मुलगी मात्र घाईघाईने उठली, माझ्या खुर्चीपाशी आली आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"बाबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"