शिलानच्या वाट्याला आलेलं सरकार

“सर, आपली विमानं पहिल्यांदा उडाली तेव्हा काळ्या झेंडेवाल्यांवर किती वेळा गेली, आणि आपल्या डोंगरावर किती वेळा?”

शिलानने अकरावीच्या भरल्या वर्गात विचारलं. काळे झेंडेवाले म्हणजे सरहद्दीपलीकडे धर्माच्या नावाने माणसं मारणारे, आणि डोंगर म्हणजे सरकारशी लढणाऱ्या कुर्द बंडखोरांचा. गेले तीन दिवस मिझगीन आणि पेरीहान तिला डिवचत होत्या. “घरी फार तोंड चालतं ना तुझं? वर्गात विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू.” आता विचारलं, तर दोघींनी अशा माना खाली घातल्या की जणू शिलान त्यांच्या ओळखीचीच नव्हती!

लेव्हेंत सर इझमीरचे, समुद्राकाठचे. नव्या मास्तरांना पूर्वेकडे काही वर्षं काढावीच लागतात, तशी ते इथे काढत होते. त्यांनी खडू ठेवला आणि वर्गाचं दार लावून घेतलं.

“आकडा तुलाही माहीत आहे,” ते म्हणाले. “असं का, ते सांगता येईल?”

“नाही, सर.”

“मग शनिवारच्या वादविवादात उतर. प्रांतसाहेब येणार आहेत. विषय असा ठेवू, ‘देशाने दोन शत्रूंशी एकाच वेळी लढावं का?’”

शिलानचं तर काळीज नाचायलाच लागलं. ‘लढू नये’ या बाजूने काय काय बोलायचं, ते तिने मधल्या सुट्टीत सिमीट, म्हणजे तिळाचा गोल पाव, खाता खाता पाठसुद्धा केलं. दुपारी सरांनी चहाच्या पेल्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या. एक मिझगीनने उचलली, एक हिने.

हिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘लढावं’. म्हणजे ही सरकारच्या बाजूने.

“सर, बदलून द्या ना!”

“निघालेली चिठ्ठी बदलत नाहीत.”

“बरोबरच निघाली की,” मागून कोणीतरी म्हणालं. “रक्षकाची पोरगी, सरकारची वकील!”

हे मात्र तिला झोंबलं. शिलानचे बाबा, शेहमूस, गावरक्षक होते. स्वतः कुर्द, पण खांद्यावर सरकारची बंदूक, महिन्याला सरकारचा पगार, आणि काम डोंगरातल्या कुर्दांवर नजर ठेवायचं. उलट आईचा सख्खा भाचा रेषेपलीकडच्या कुर्दांबरोबर काळ्या झेंडेवाल्यांविरुद्ध लढत होता. रेषा म्हणजे सरहद्दीवरचे रेल्वेचे रूळ. नकाशात रुळांच्या वर हा देश, खाली शेजारचा. रेषेच्या अलीकडे गावकरी त्या भाच्याच्या नावाने दुवा मागायचे, आणि बातम्यांमध्ये त्याला देशाचा शत्रू म्हणायचे. म्हणून शिलानच्या घरात सरकारी वाहिनी शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढी मोठ्याने लागायची, आणि कुर्दी वाहिनी आवाज बंद करून.

शनिवारी सरकारच्या बाजूने तोंड उघडलं, की गावात आयुष्यभर ‘रक्षकाची पोरगी’ हेच नाव राहणार. गप्प बसली तर भित्री ठरणार. आणि भलतंच काही बोलली तर बाबांची नोकरी जाणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गच्चीवर गेली. आई लाल मिरच्या वाळत घालत होती, बाबा पायरीवर बसून बंदूक पुसत होते.

“बाबा, तुम्ही ही बंदूक का घेतली?”

“ए पोरी!” आई ओरडली. “सकाळी सकाळी काय हे?”

“बोलू दे तिला.” बाबांनी फडकं बाजूला ठेवलं. “लष्करी पोलिसांचा साहेब आला होता. म्हणाला, बंदूक घ्या, नाहीतर गाव रिकामं करा. त्याच्या आदल्याच आठवड्यात डोंगरवाले भाकरी मागायला आले होते. नाही म्हटलं, तर माझा दात पाडला. मला दोघांचीही भीती वाटत होती. ज्याची जास्त वाटली, त्याची बंदूक घेतली.”

“मग लोकांना असं सांगत का नाही?”

“भीती का कोणी सांगतं?” बाबा हसले, तेव्हा पडलेल्या दाताची जागा दिसली. “लोकांना सांगतो, देशासाठी घेतली.”

शिलान तिथेच मिरच्यांवर बसणार होती, आईने धपाटा घालून उठवलं. पण तिला सापडायचं ते सापडलं होतं.

शनिवारी शाळेचं सभागृह खच्चून भरलं. पुढच्या खुर्चीवर प्रांतसाहेब, शेजारी दोन शिक्षक. तिघे मिळून गुण देणार. आणि दाराशी, साहेबांच्या बंदोबस्ताला, बंदूक घेऊन खुद्द बाबा!

मिझगीन आधी बोलली आणि काय बोलली! उन्हाळ्यात काळ्या झेंडेवाल्यांच्या बॉम्बने गेलेल्या पोरांबद्दल बोलली, तेव्हा बायका रडल्या. शेवटी तिने शिलानचाच प्रश्न शिलानच्या तोंडावर फेकला. “काळ्या झेंडेवाल्यांवर किती वेळा, डोंगरावर किती वेळा?” टाळ्या थांबता थांबेनात.

शिलान उठली.

“मी सरकार,” ती म्हणाली.

सगळे हसले.

“हसू नका. मला फार काळज्या आहेत. मिझगीनबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. डोंगरावर जास्त वेळा. पुष्कळ जास्त.”

हसू जिथल्या तिथे थांबलं. दाराशी बाबांनी बंदुकीचा पट्टा घट्ट धरला.

“कारण मला दोघांची भीती सारखी वाटत नाही. काळे झेंडेवाले माझ्या माणसांना मारतात. त्यांची भीती नवी आहे. पण रुळांखालचे कुर्द त्यांना हरवून एकेक गाव घेतात, तेव्हा माझी झोप उडते. उद्या रुळांच्या वरचे, म्हणजे इथले कुर्दही म्हणतील, आम्हालाही हवं. ही भीती मला जन्मापासूनची. मग मी काय केलं? अमेरिकेला म्हटलं, घ्या माझा विमानतळ, मारा काळ्या झेंडेवाल्यांना. एका लढाईची वाहवा घेतली आणि तिच्या आडून दुसरी उरकायला निघाले. डोंगरवाल्यांनीही माझे शिपाई मारलेत, त्यांच्या आया रडतात, तेही खरं. म्हणून मी दोघांशी लढणार म्हणते. पण दोन्ही लढाया एकच आहेत असं जेव्हा सांगते ना, तेव्हा मी खोटं बोलते. माझ्या बाजूने माझं एवढंच म्हणणं, लढायचं तर कोणाची किती भीती वाटते ते आधी लोकांना सांगावं. काय सांगावं, सांगितल्यावर त्यातली एक लढाई बोलूनच मिटेल.”

कोणी टाळी वाजवेना. सगळे साहेबांकडे बघत होते. साहेबांनी चष्मा काढला.

“मुली, तू सरकारच्या बाजूने आहेस ना?”

“हो साहेब. चिठ्ठीच तशी निघाली.”

“मग सरकारची भीती अशी चारचौघांत सांगतात?”

“माझे बाबा घरी सांगतात, साहेब. म्हणून घरात त्यांचं ऐकतात.”

आधी साहेबांचा एक शिपाई फिसकन हसला. मग शिक्षक. मग साहेबांनाही हसू आवरेना, आणि मागच्या रांगांतल्या बायकांनी जिभा फिरवून असा ‘लिलिली’ गजर केला, की खिडकीतली कबुतरं उडाली! दोन गुणांनी शिलान जिंकली. सरकारची बाजू घेऊन, सगळ्या गावाच्या टाळ्या घेऊन जिंकली!

“माझीच बाजू मांडून मलाच हरवलंस, चोरटे!” मिझगीनने तिला गच्च मिठी मारली.

बाबा घरी पोचले. बंदूक खुंटीला अडकवून जमिनीवरच्या गादीवर बसले. आईने चहा ओतला.

“साहेब जाताना माझ्यापाशी थांबले,” बाबा म्हणाले. “म्हणाले, पोरगी तुझी का? मी हो म्हटलं. वाटलं, गेली नोकरी. तर हात मिळवला माझ्याशी. वीस वर्षांत कुठल्या साहेबाने मिळवला नव्हता.”

“नशीब समज!” आई शिलानकडे वळली. “पुरे आता. यापुढे तोंड बंद, अभ्यास सुरू.”

“अभ्यास तर करणारच आहे.” शिलानने चहाचा पेला खाली ठेवला आणि ताठ उभी राहिली. “आई, बाबा, ऐका. आज थोडा वेळ मी सरकार होते, आणि मला ते छान जमलं. मी अंकाराला जाणार, राज्यशास्त्र शिकणार आणि प्रांत होणार. माझं ठरलंय.”